यंत्र आधी की वही आधी?

पत्राचा सारांश: एका माध्यमिक शाळेत सतरा वर्षे विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्यांच्या शाळेत यंदा प्रत्येक वर्गात मोठा पडदा आणि इंटरनेट आले असून ‘विद्यार्थ्यांना आधुनिक जगासाठी तयार करण्याचा’ आराखडा व्यवस्थापनाने त्यांच्याकडे महिनाभरात मागितला आहे. आठवीपासून कोडिंग शिकवावे, आठवड्यातून एकदा ‘विचारकौशल्या’ची स्वतंत्र तासिका असावी आणि त्यासाठी विज्ञानाच्या तासिका कमी कराव्यात, असा प्रस्ताव पुढे आला आहे. काही पालकांना मुलांनी कृत्रिम बुद्धिमत्ता आजच शिकायला हवी आहे, तर काहींना मुलांच्या हातातली सगळी उपकरणे काढून घ्यायची आहेत. दरम्यान गृहपाठाच्या वह्या एकसारख्या, गुळगुळीत भाषेत भरून येऊ लागल्या आहेत. बाष्पीभवनावरचे एक टिपण यंत्राकडून लिहून घेतल्याचा आरोप या बाईंनी नववीतल्या एका मुलीवर वर्गासमोर केला. मजकूर यंत्राने लिहिला आहे का, हे तपासणाऱ्या एका संकेतस्थळानेही तसाच निर्वाळा दिला होता. ते टिपण तिने स्वतःच लिहिले होते, हे नंतर कळले. ‘मुलांना माझ्यापेक्षा तंत्रज्ञान जास्त कळते. मी कालबाह्य झाले आहे का? आराखड्यात काय लिहू? आणि त्या मुलीच्या बाबतीत आता काय करू?’ असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सर्वांत शेवटी विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण आराखड्याला महिना आहे आणि त्या मुलीला उद्या सकाळी पुन्हा तुमच्याच तासाला बसायचे आहे. आरोप वर्गासमोर झाला, म्हणून दिलगिरीही वर्गासमोरच व्यक्त व्हायला हवी. तिला आधी एकटीला भेटा, तिची संमती घ्या, आणि मग ‘गैरसमज झाला’ असे मोघम न बोलता, तुम्ही काय गृहीत धरलेत, कशावर विसंबलात आणि ते कुठे चुकले, हे सर्वांना सांगा. असे केल्याने वर्गातला वचक जातो, अशी भीती अनेक शिक्षकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. पुरावा चुकीचा निघाला म्हणून स्वतःचे विधान मागे घेणारे मोठे माणूस मुलांना फार क्वचित पाहायला मिळते, आणि ते विज्ञानाच्या तासाला पाहायला मिळाले तर त्या तासाचे सार्थक झाले असे मी म्हणेन.

ज्या संकेतस्थळाने निर्वाळा दिला, त्याबद्दलही स्पष्ट लिहिते, कारण हा प्रश्न केवळ तुमचा नाही. ही साधने लेखक ओळखत नाहीत. पुढचा शब्द कितपत अपेक्षित आहे, वाक्यांची ठेवण किती सारखी आहे, अशा खुणांवरून ती अंदाज बांधतात, आणि त्यामुळे पाठ्यपुस्तकाच्या वळणाने नेटकी, सोपी वाक्ये लिहिणारी अभ्यासू मुलेही त्या जाळ्यात सापडू शकतात. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआय या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचे असे एक साधन आणले होते आणि अचूकता कमी असल्याचे सांगून त्याच वर्षी जुलैमध्ये ते मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात साधने तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेत लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राने लिहिलेले ठरवले गेले. मुलाच्या प्रामाणिकपणाचा निवाडा अशा अंदाजावर करू नये, असे माझे ठाम मत आहे. शंका आलीच तर त्याला जवळ बसवून दोन मिनिटे त्याच्याच लिखाणाविषयी बोला: हा शब्द का निवडलास, हे वाक्य आधी कसे लिहिले होतेस, याला तुझ्या पाहण्यातले उदाहरण कोणते. ज्याने लिहिले आहे त्याला बोलायला आवडते. ज्याने लिहिलेले नाही, त्याला त्या दोन मिनिटांत शिक्षेपेक्षा अधिक काही शिकता येते.

आता ‘मुलांना माझ्यापेक्षा तंत्रज्ञान जास्त कळते’ या वाक्याकडे वळू. त्यांची बोटे तुमच्यापेक्षा वेगाने चालतात, हे खरे. परंतु उपकरण हाताळता येणे आणि त्यातून समोर आलेल्या मजकुराची पारख करता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘झाडावर राहणारा ऑक्टोपस’ या काल्पनिक प्राण्याविषयीचे एक संकेतस्थळ १९९८ पासून इंटरनेटवर आहे. त्यावर शास्त्रीय नाव आहे, अधिवासाचे वर्णन आहे, त्या प्राण्याला वाचवण्याचे आवाहनही आहे. कनेटिकट विद्यापीठातील संशोधकांनी सातवीच्या, इंटरनेट सराईतपणे वापरणाऱ्या मुलांना ते दाखवले, तेव्हा बहुतेक मुलांनी ते खरे मानले. हे केवळ मुलांचे होते असेही नाही. स्टॅनफर्डमधील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये १० इतिहासतज्ज्ञ, २५ विद्यार्थी आणि १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळे पारखायला दिली. विद्यार्थी आणि अनेक प्राध्यापक त्याच पानावर थांबून मांडणी, बोधचिन्ह, संदर्भांची यादी पाहत राहिले आणि फसले. तथ्य-तपासनीस मात्र काही क्षणांतच ते पान सोडून बाहेर पडले, नव्या खिडक्या उघडून ‘या संस्थेविषयी इतर कोण काय म्हणते’ हे शोधू लागले, आणि कमी वेळात योग्य निष्कर्षावर आले. ही सवय शिकवता येते, आणि ती शिकवायला तुम्हाला मुलांपेक्षा चपळ असण्याची गरज नाही. तुम्ही सतरा वर्षे प्रयोगवहीतल्या निष्कर्षाखाली लाल शाईने ‘कशावरून?’ असे लिहीत आला असाल. तोच प्रश्न आता पडद्यावरच्या मजकुराला विचारायचा आहे. महिन्यातून एकदा एखादा दावा मोठ्या पडद्यावर लावा, आणि ते पान न वाचता, बाहेरून त्याची माहिती कशी काढायची, हे मुलांसमोर तुम्ही स्वतः करून दाखवा. कधी तुम्ही अडाल, कधी एखादा मुलगा तुम्हाला वाट दाखवील. यात कालबाह्य होण्यासारखे काही नाही.

प्रस्तावातल्या ज्या भागाची मला सर्वाधिक काळजी वाटते, तो म्हणजे विज्ञानाच्या तासिका कमी करून विचारकौशल्याची तासिका वेगळी काढणे. या प्रस्तावामागे एक समजूत आहे: विचार करणे हे सुट्या अवजारासारखे कौशल्य आहे, ते एकदा हाती आले की कोणत्याही विषयावर चालवता येते, आणि माहिती तर आता क्षणात शोधून मिळते, म्हणून ती डोक्यात साठवण्याची गरज उरलेली नाही. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेले बुद्धिबळावरील प्रयोग या समजुतीविरुद्ध बोलतात. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद पाहून निष्णात खेळाडूने नवख्यापेक्षा कितीतरी अधिक मोहऱ्यांच्या जागा आठवून दाखवल्या. पण मोहरी पटावर कशीही विखरून मांडली, तेव्हा त्याचा हा वरचढपणा जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्याजवळ सर्वत्र चालणारी तल्लख स्मृती नव्हती, तर वर्षानुवर्षे खेळून मनात साठलेल्या हजारो मांडण्या होत्या, आणि त्याचा विचार त्या साठ्याच्या आधाराने चालत होता. विज्ञानातही तसेच होते. बाष्पीभवनाला उष्णता लागते हे ज्याला पक्के ठाऊक नाही, त्याला मडक्यातल्या पाण्याविषयी चिकित्सक प्रश्न पडणार कसा? मी शिकवत होते तेव्हा आमच्याकडेही अशी एक स्वतंत्र तासिका सुरू झाली होती. मुले कोडी आनंदाने सोडवीत. त्याच मुलांनी पुढच्याच तासाला भूमितीच्या प्रमेयात ‘दिलेले’ काय आणि ‘सिद्ध करायचे’ काय यांची गल्लत केली की मला वाईट वाटे, कारण त्या कोड्यांतले काहीच त्यांच्याबरोबर वर्ग ओलांडून आलेले नसे. तासिका वाईट नव्हती. तिला विषयाची जमीन नव्हती.

मग विषयातच विचार कसा रुजवायचा, हे तुमच्याच धड्यावरून सांगते. दोन साधे तापमापक घ्या. पंख्यासमोर कोरडा तापमापक धरला तर पारा खाली जाईल, वर जाईल की आहे तिथेच राहील, हे प्रयोगाआधी प्रत्येकाने वहीत लिहायचे, आणि ‘मला असे वाटते, कारण…’ हे वाक्य पूर्ण केल्याशिवाय पेन खाली ठेवायचे नाही. वर्गातली बरीच मुले ‘खाली जाईल’ असे लिहितील, कारण पंख्याचा वारा त्यांना स्वतःला गार लागतो. प्रयोगात पारा हलत नाही. मग दुसऱ्या तापमापकाच्या फुग्याला खोलीतल्याच तापमानाच्या पाण्यात भिजवलेला कापूस गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. आता पारा उतरू लागतो. वारा हवेला थंड करत नाही, तो बाष्पीभवनाचा वेग वाढवतो, आणि त्या बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता ओल्या पृष्ठभागातून जाते, हे मुलाला या दोन पाऱ्यांच्या फरकातून उमगते, आणि आपले आधीचे विधान कुठे चुकले हे त्याच्या स्वतःच्याच अक्षरात वहीत राहते. चुकलेले भाकीत खोडू देऊ नका. त्याखाली नवे स्पष्टीकरण लिहायला सांगा आणि गुण द्यायचे असतील तर त्या स्पष्टीकरणाला द्या.

इथेच तंत्रज्ञानालाही त्याची रास्त जागा मिळते. पारा किती वेगाने उतरतो आणि कुठे थांबतो, हे डोळ्यांनी टिपणे कठीण असते. संगणकाला जोडलेला तापमान-संवेदक दर दोन सेकंदांनी नोंद घेऊ शकतो, आणि तो आलेख मोठ्या पडद्यावर मुलांच्या डोळ्यांदेखत उमटत जातो. कापूस वाळत आला की रेषा पुन्हा वर का चढते, हा प्रश्न मग कोणाला विचारावा लागत नाही. तो एखादे मूलच विचारते. संवेदक नसेल तर मुलांनी दर अर्ध्या मिनिटाला घेतलेल्या नोंदी तक्त्यात भरून आलेख काढला तरी चालेल. हाताला आणि डोळ्याला जे जमत नाही ते यंत्राने केले, आणि विचार मुलांकडेच राहिला. एखादे साधन वर्गात आणावे की नाही, याचा निर्णय मी एवढ्याच कसोटीवर घेत आले आहे.

गृहपाठाच्या गुळगुळीत वह्यांनाही हीच कसोटी लावता येते. २०२३ च्या शरद ऋतूत तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. एका गटाला सरावाच्या वेळी चॅटजीपीटीसारखे साधन मोकळेपणाने वापरू दिले, दुसऱ्या गटाला उत्तर न देता फक्त इशारे देणारे, शिक्षकांच्या सूचनांवर बेतलेले साधन दिले, आणि तिसऱ्या गटाकडे नेहमीची पुस्तके व वह्याच होत्या. सरावात पहिल्या गटाचे गुण तिसऱ्या गटापेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त होते. साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा त्याच गटाचे गुण तिसऱ्या गटापेक्षा १७ टक्क्यांनी कमी निघाले. इशारे देणारे साधन वापरणाऱ्यांचे असे नुकसान बहुतांशी टळले. मला यातली सर्वांत महत्त्वाची बाब वेगळीच वाटते: आपण कमी शिकलो आहोत, याची पहिल्या गटातल्या मुलांना जाणीव नव्हती. म्हणून ‘मुलांना स्वतःलाच कळेल’ असे म्हणून हा प्रश्न त्यांच्यावर सोपवता येत नाही, आणि ‘बंदी घाला’ असे म्हणूनही तो सुटत नाही, कारण गृहपाठ घरी होतो आणि घरी तुम्ही नसता.

माझी सूचना अशी आहे की, यंत्र वापरायचे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा ते कोणत्या क्षणी येते, यावर शाळेचा नियम असावा. पहिला प्रयत्न नेहमी वर्गात, वहीत, यंत्राविना. दहा मिनिटे पुरतात, आणि उत्तर अर्धवट असले तरी चालते. त्यानंतर त्याच प्रश्नाचे यंत्राने दिलेले उत्तर पडद्यावर लावा. प्रत्येकाच्या हातात उपकरण असण्याची गरज नाही. ज्यांच्या घरी ते नाही, त्या मुलांसाठी तर हीच रीत अधिक न्याय्य आहे. मुलांनी आपले उत्तर शेजारी ठेवून त्यात नसलेला एक मुद्दा, यंत्राच्या उत्तरात नसलेला पण आपल्या वहीत असलेला एक मुद्दा, आणि पडताळून पाहावे असे यंत्राचे एक विधान शोधायचे. ही साधने आधीच्या मजकुरावरून पुढे कोणता शब्द संभवतो याचा हिशेब करत वाक्ये रचतात, त्यामुळे खरे आणि खोटे दोन्ही त्यांच्याकडून सारख्याच आत्मविश्वासाने येते, अगदी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेही येतात, हे मुलांना त्या वेळी सांगा. मग पडदा बंद करून उत्तर पुन्हा वहीत लिहायचे. गुण पहिल्या आणि दुसऱ्या लिखाणातल्या वाढीला द्या. यात प्रत्येक धड्याला अर्धा तास जास्त जाईल आणि अभ्यासक्रम मागे पडेल, ही तुमची अडचण मला मान्य आहे; म्हणून हे सर्व धड्यांना न करता सत्रात चार-पाच निवडक धड्यांना करा, आणि बाकीचा गृहपाठ कमी करा. जो गृहपाठ यंत्र क्षणात करून देते आणि जो वाचून तुम्हालाही मुलाविषयी काही कळत नाही, तो गेल्याने फारसे बिघडणार नाही.

वयाचा विचारही आराखड्यात असू द्या. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मधील मार्गदर्शनात वर्गात अशा साधनांच्या स्वतंत्र वापरासाठी किमान १३ वर्षांची मर्यादा सुचवली आहे. मुलांची नावे, छायाचित्रे, गुणपत्रके यांपैकी काहीही या साधनांत भरले जाणार नाही, हेही स्पष्ट शब्दांत लिहा, आणि तो नियम शिक्षकांनाही लागू करा.

कोडिंगला माझा विरोध नाही. त्यामागे दिल्या जाणाऱ्या नोकरीच्या कारणाला आहे. आठवीतले मूल नोकरी शोधेपर्यंत आजची भाषा आणि आजची साधने बदललेली असतील. कोडिंगचे जे टिकाऊ मोल आहे ते जुने आहे. वॉली फोर्झाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली, तेव्हा त्यांच्या मनात गणिती विचार होता. लोगोतल्या कासवाला, म्हणजे आज्ञेप्रमाणे सरकत मागे रेघ काढणाऱ्या पडद्यावरच्या खुणेला, समभुज त्रिकोण काढायला सांगताना मूल हमखास ‘शंभर पावले पुढे, साठ अंश वळ’ असे तीनदा सांगते, कारण त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा असतो हे त्याने पाठ केलेले असते. त्रिकोण बनत नाही, अर्धा षटकोन बनतो. कासव बाहेरच्या कोनाइतके, म्हणजे १२० अंश वळायला हवे, हे शोधताना मुलाला बाह्यकोन पहिल्यांदा स्वतःच्या शरीरात जाणवतो, आणि चूक ही लपवण्याची गोष्ट नसून हुडकून काढण्याची गोष्ट आहे, हेही जाणवते. हे संगणकाशिवाय मैदानावरही करता येते: एक मूल कासव होते, बाकीची आज्ञा देतात, आणि कासवाने सांगितले तेवढेच करायचे असते. गणिताच्या शिक्षकांबरोबर बसून वर्षातून पंधरा-वीस तास भूमितीच्या जोडीने हे आखा. विज्ञानाचा एकही तास त्यासाठी देऊ नका.

उपकरणांच्या खरेदीविषयी व्यवस्थापनाशी बोलताना एक आधार हाताशी ठेवा. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१५ मध्ये अनेक देशांतील शाळांच्या आकडेवारीवरून सांगितले की, ज्या देशांनी शाळांतील संगणकांवर मोठा खर्च केला, तिथे वाचन, गणित वा विज्ञानात दखल घेण्याजोगी सुधारणा दिसली नाही. पेरूमधील ग्रामीण शाळांत प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिल्यानंतरही गणित आणि भाषेचे गुण वाढले नाहीत. याचा अर्थ पडदे काढून टाका असा होत नाही. पुढच्या प्रत्येक खरेदीच्या अर्जासोबत ती वस्तू कोणत्या धड्यात वापरली जाईल आणि त्या वेळी मुले स्वतः काय करतील, हे अर्ध्या पानात लिहून मागा, एवढाच आग्रह धरा.

राहिले पालक. एका गटाला यंत्र आजच हवे आहे आणि दुसऱ्याला ते नकोच आहे, पण दोघांनाही आपल्या मुलाविषयी सारखीच धास्ती आहे, आणि दोघांनीही अशा साधनांसह शिकवणारा वर्ग बहुधा पाहिलेला नाही. पुढच्या पालकसभेत आराखडा वाचून दाखवू नका. प्रत्येकाला एक कोरा कागद द्या, दोन तापमापक आणि पंखा समोर ठेवा, आणि पारा कुठे जाईल हे कारणासह लिहायला सांगा. मग प्रयोग करा, पडद्यावर आलेख दाखवा, आणि त्यांच्या मुलांच्या वह्यांतली पहिली व दुसरी उत्तरे शेजारी शेजारी ठेवा. त्या दिवशी मदतीला दोन-तीन विद्यार्थी लागतील. बाष्पीभवनावर इतके चांगले लिहिणाऱ्या त्या मुलीला आधी विचारा. ती नाही म्हणाली, तर या वेळी आग्रह करू नका.